सूर्यफुलांभोवतीची तार

आमच्या घरात आवाज दोघींनाच होता, एक गिरणीला आणि एक मला. आर्णीकडून येणारा रस्ता गावात शिरतो तिथलं पहिलंच घर आमचं. पुढे पिठाची गिरणी, मधे राहायच्या खोल्या, मागे थोडी मोकळी जागा आणि तिच्यापलीकडे लोकांची शेतं. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी गिरणी माझ्या हवाली केली. पट्टा फिरत असताना बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे माझा आवाज जो चढला तो पुन्हा खाली आला नाही. गावात माझी थट्टा होते, "गिरणीवालीले फोन कायले पाह्यजे, थे दारातून हाक मारते तं आर्णीत ऐकू जाते." मला राग येत नाही. खरंच आहे ते.

नवरा माझ्या अगदी उलट. तो शिलाईचं काम करायचा. माप घेताना "जरा हात वर करता का" हेसुद्धा इतक्या हळू विचारायचा की गिऱ्हाईकाला ऐकू जायचं नाही, आणि दुसऱ्यांदा विचारायचा संकोच वाटून हा अंदाजानेच बाही शिवायचा. अंदाज सहसा चुकायचा नाही, ही गोष्ट वेगळी. मुंगीच्याही वाटेला न जाणारा माणूस. अंगणात मुंग्यांची रांग लागली की मी केरसुणी घेऊन धावायची आणि हा माझ्या आधी तिथे साखरेची चिमूट टाकून मोकळा व्हायचा. भांडायला दोन माणसं लागतात, म्हणून आमच्या घरात मी एकटीच भांडत असे.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते ह्याच माणसाच्या हातून झालं आणि ते अजून माझ्या डोक्यात बसत नाही. आमच्या मागच्या जागेत एका उघड्या तारेत एवढी वीज खेळत होती की माणसाचा हात लागला असता तर माणूस जागेवर गेला असता. ती तार त्याने बांधली होती, सूर्यफुलांसाठी.

डोळे अधू झाले आणि लोकांनाही तयार कपडे बरे वाटू लागले, तेव्हा नवऱ्याने शिवणयंत्रावर चादर टाकली. रिकामं बसवेना. दिवाळी झाल्यावर त्याने मागची जागा खणली आणि सूर्यफूल टोचलं. त्याच्या लहानपणी म्हणे आमच्या भागात शेतंच्या शेतं पिवळी असायची. आता जिकडे पाहावं तिकडे कापूस, सोयाबीन आणि तूर. सूर्यफूल कोणी लावत नाही, कारण पोपट राहू देत नाहीत. आणि सगळ्यांनी लावायचं सोडलं म्हटल्यावर तालुक्यातल्या पोपटांना आमची तेवढी एकच खानावळ उरली, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी सांगितलंही होतं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

फुलं मात्र काय आली. ताटाएवढी. सकाळी गिरणीचं मागचं दार उघडलं की डोळे दिपायचे. नवरा चहाचा कप घेऊन त्यांच्यात जाऊन उभा राहायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही असायचं की मला ओरडावंसं वाटायचं नाही. दाणा भरू लागला आणि पोपटांची धाड आली.

मग सुरू झाली राखण. आधी त्याने जुन्या कॅसेटींमधली रिळं काढून काठ्यांना ताणून बांधली. वाऱ्याने ती गुणगुणायची आणि चमकायची. दोन दिवस पोपट बिचकले, तिसऱ्या दिवशी रिळांवरच झोके घेऊ लागले. मग त्याने बुजगावणं केलं. पण शिलाईवाल्याचं बुजगावणं ते. त्याला कॉलरचा सदरा, इस्त्रीची पँट, खिशाला झाकण. रस्त्याने जाणारे लोक त्याला "रामराम" घालू लागले. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, म्हणून मी पोट धरून हसले. शेवटी त्याने यंत्रावरची चादर काढली आणि माझ्या जुन्या पोलक्यांच्या टोप्या शिवल्या. प्रत्येक फुलाच्या मापाची एक टोपी, खाली नाडी. लाल, जांभळ्या, ठिपक्यांच्या टोप्या घातलेली फुलं माना खाली घालून उभी राहिली. पोपट हरले. आठवडाभर घरात सण होता.

पण तुरी सवंगून, म्हणजे कापून, झाल्या होत्या, कापूस निघाला होता, शिवार उघडं पडलं होतं, आणि जंगलातल्या जनावरांनी खायचं काय? वानरांची टोळी आली. वानराला बोटं असतात. त्यांनी नाड्या सोडल्या, टोप्या काढल्या, दाणे खाल्ले, आणि एका पिलाने जांभळी टोपी डोक्यावर ओढून गिरणीच्या टिनावर छपरावर बसून आमच्याकडे पाहिलं. त्यानंतर रानडुकरं आली, त्यांनी कडेची झाडं मुळासकट उपटली. आमच्याकडे शेताला जुन्या साड्या गुंडाळतात, डुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, बुजतात म्हणून. नवऱ्याने माझ्या साड्या बांधल्या. पीठ घेऊन जाणाऱ्या बाया थांबून ओळखायच्या, ही पोरीच्या बारशातली, ही दिराच्या लग्नातली. डुकरांना मात्र त्यांचं काही नव्हतं.

मग त्याने झटका मशीन आणलं. आमच्या भागात आता जवळजवळ प्रत्येक शेतावर ते असतं. सोलरची पाटी, खाली बॅटरी आणि शेताभोवती ताणलेली उघडी तार. तारेतून थोड्या थोड्या वेळाने झटका जातो, मशीन टक टक वाजत राहतं. जनावर दचकून पळतं, मरत नाही. मी एकदा ओल्या हाताने धरली तर खांद्यापर्यंत झिणझिणी आली आणि तोंडातून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही. गावात लहान पोरालाही माहीत आहे, टकटक आहे तोवर तार चालू, टकटक थांबली की ती नुसती तार. दिवसा नवरा मशीन बंद ठेवायचा. मग मी गिरणी पुसायची फडकी धुऊन त्याच तारेवर वाळत घालायची. एवढी ताणलेली तार फुकट कशाला जाऊ द्यायची?

समोरच्या घरातल्या काकूंचंही सांगितलं पाहिजे. त्या एकट्या राहतात. पहाटे, अंधुक असतानाच, हातात पिशवी आणि आकडा लावलेली काठी घेऊन निघतात आणि सगळ्यांच्या कुंपणांवरची फुलं देवासाठी तोडतात. देवाच्या फुलांना आमच्याकडे कोणी चोरी म्हणत नाही. आमच्या कुंपणाच्या कोपऱ्यात जास्वंद आहे, अगदी सूर्यफुलांना लागून. काकू रोज तिथे हात घालायच्या. त्या दिवसांत काही सकाळी मला जास्वंद तशीच फुललेली दिसली. मला वाटलं, थंडी आहे, काकूंनी गुडघा धरला असेल.

त्याच दिवसांत आभाळ भरून आलं होतं. ऊन नाही तर सोलरला काय मिळणार? बॅटरी बसली, मशीनची टकटक थांबली. मी नवऱ्याला विचारलं, "आता वो?" तो म्हणाला, "पाहू." एवढंच. त्यानंतरही काही दिवस डुकरं आली नाहीत, वानरं लांब राहिली, आणि मला वाटलं जनावरांना तारेची दहशत बसली. मीच एकदा म्हणाले की मेलेल्या मशीनलासुद्धा घाबरतात मेली. तो कधीच बोलत नाही, मग मला वेगळं काय कळणार?

त्या सकाळी लाईन, म्हणजे गावाची वीज, गेलेली होती. मी फडकी धुतली, बादली घेऊन मागे आले. सात वाजायचे होते. नवरा दूध आणायला गेला होता. तारेची टकटक नव्हती, ती कित्येक दिवस नव्हतीच. मी पहिलं फडकं उचललं आणि पाणी निघावं म्हणून जोरात झटकलं. त्या आवाजाने सूर्यफुलांतून एक वानर उठलं. मला ते दिसलंही नव्हतं. मोठं, भरल्या अंगाचं वानर. ते माझ्यापासून हातभर अंतरावरून कुंपणाकडे झेपावलं, ओल्या मातीत पाय आणि तारेवर हात, आणि तिथेच थांबलं.

थांबलं म्हणजे काय, ते सांगता येत नाही. पळणारं जनावर मधेच थांबत नाही. त्याचं तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. बोटं तारेभोवती मिटली होती. माझं फडकं अर्धं वर उचललेलं होतं, त्याचं पाणी माझ्या कोपरावरून गळत होतं, आणि माझा हात त्याच तारेकडे निघाला होता. माझी सारी हयात गिरणीच्या मोटारीशेजारी गेली. वीज धरते ती कशी धरते, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. मी मान वळवून गिरणीच्या मागच्या दारातून आत पाहिलं. बोर्डावर मी कधी न पाहिलेला एक लाल बल्ब लागलेला होता. लाईन आली होती. आणि त्या बोर्डातून एक काळी वायर पोत्यांच्या आडून, खिडकीच्या गजातून बाहेर येऊन, जमिनीलगत, सूर्यफुलांपर्यंत गेली होती.

फडकं कुठे पडलं आठवत नाही. पट्टा सरकवायची लाकडी दांडी घेऊन मी मेनचा खटका खाली पाडला. वानर तारेवरून सुटलं आणि मातीत पडलं. मी त्याच्याकडे गेले नाही. गिरणीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. वर टिनावर बाकीची टोळी येऊन बसली होती. एरवी किती धिंगाणा घालतात, पण त्या वेळी एकही आवाज करत नव्हतं. मला भयंकर भीती वाटली, आणि कशाची ते कळेना.

उठले तेव्हा पहिलं काम केलं ते ती वायर उपटून पोत्याखाली टाकण्याचं. का केलं? हात आपोआप गेले. तोवर दळण घेऊन आलेले लोक मागे डोकावले. त्यांनी वानर पाहिलं, रस्त्यावरचा विजेचा खांब पाहिला आणि आपसांत ठरवून टाकलं. "खांबावरून आलं असन बिचारं, चिपकलं असन तारेले." कुंपणाच्या तारेकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. झटका मशीनने कोणी मरत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

नवरा दुधाची कॅन घेऊन आला. त्याने गर्दी पाहिली, वानर पाहिलं, मग खिडकीचे मोकळे गज पाहिले. तो पांढरा पडला. मला वाटलं, आता बोलेल. त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि वानरावर पांघरला. बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या. कोणी म्हणालं फॉरेस्टवाल्यांना कळवा, कोणी म्हणालं आधी मारुतीचं करू. आमच्याकडे गावात वानर मेलं तर त्याला माणसासारखं नेतात. तिरडी, गुलाल, भजन, मारुतीच्या देवळामागे खड्डा, आणि मग माणसाची करतात तशी तेराव्या दिवशी तेरवी. पुरुष डोकं भादरतात. कोणीतरी विचारलं, "पहिला खांदा कोन देते?" लोकांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या दारात मेलं होतं ना. आणि त्याने मान हलवून हो म्हटलं.

माझ्या डोक्यात जाळ झाला. मी त्याला दंडाला धरून गिरणीत नेलं, दार लोटलं, मेन वर केला आणि मोटार चालू केली. दळण नव्हतं, दगड रिकामे फिरू लागले. रिकामे दगड फिरवले की ते एकमेकांना खातात, जळका वास सुटतो. सासऱ्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली ती गोष्ट. पण त्या आवाजाशिवाय मला ओरडता आलं नसतं.

"काकू मेली असती तं?" मी ओरडले. "रोज त्या जास्वंदात हात घालते थे. एकटी बाई, कोनाले कळलंबी नसतं. तुमाले फुलं पाह्यजे होते का मुडदा पाह्यजे होता?"

तो माझ्यासमोर उभा होता. ओठ हलत होते. काय म्हणत होता, दगडांच्या घरघरीत मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि मोटार बंद करून ऐकून घ्यावं एवढी मी भानावर नव्हते. मला वाटलं माफी मागतो आहे. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी पाठ फिरवली आणि दार उघडलं.

तिरडी निघाली. मुंगीला साखर घालणारा माझा नवरा सर्वांत पुढे, खांद्यावर त्याने मारलेलं वानर. त्यावरचं पांढरं कापडही त्यानेच कडा दुमडून शिवलं होतं. लोक म्हणत होते, काय जीव आहे ह्या माणसाचा जनावरांवर. मी दारात उभी राहून पाहिलं. ज्याच्याबरोबर सारा संसार केला तो हा कोण, असं माझ्या मनात आलं, आणि ते काही केल्या जाईना. संध्याकाळी तो भादरलेल्या डोक्याने घरी आला. मी ताट वाढलं आणि बोलले नाही. इतकी वर्षं ज्या घरात माझंच तोंड चालायचं, तिथे तेरवीपर्यंत चकार शब्द निघाला नाही. गिऱ्हाइकं विचारायची, घसा बसला का?

वायरीबद्दल मी कोणाला सांगितलं नाही. जनावराला वीज लावून मारणं गुन्हा आहे, ते मला ठाऊक होतं. पण त्याहून मला काकूंकडे पाहवत नव्हतं. रोज काही ना काही घेऊन मी त्यांच्याकडे जायची, कधी दूध, कधी गरम पोळी. त्यांच्या हाताकडे लक्ष जायचं, हिरव्या शिरांच्या, बांगडी सैल झालेल्या हाताकडे, आणि वाटायचं, ह्या हातात आज जीव आहे तो केवळ त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यामुळे.

तेरवीला सगळ्या गावाने गहू दिले आणि मी ते दळले. मारुतीच्या देवळासमोर मांडव पडला. आलू-वांग्याची भाजी, बुंदी, पुऱ्या. बायांच्या घोळक्यात काकू लाटायला बसल्या होत्या आणि मी कढईपाशी. बऱ्याच वेळाने त्या माझ्याकडे सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मंग आता येऊ नं वं फुलाले? काढला का तुह्या घरवाल्यानं करंट?"

मी झारा तसाच धरून बसले. "कोनता करंट, काकू?"

"तारीतला. मशीन बंद पडलं तवा गिरनीतून सोडला होता नं त्यानं. मले सांगून गेलता तो घरी येऊन. म्हने काकू, तुमी पहाटे येता, म्या उजाडल्यावर बंद करतो, तवा काही दिवस कुंपनाले हात लावू नोका."

"अन् मले?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

काकू लाटायच्या थांबल्या. "तुले माहीत नव्हतं? तो म्हने, हिले सांगू नोका, उगाच बोंब मारन, सारं गाव जमा करन. म्या म्हनलं नवरा-बायकोचं असन काही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "अवं माय, तू तं तिथं फडकी टाकते."

पुरी कढईत काळी झाली. कोणीतरी माझ्या हातातून झारा घेतला. मी उठून देवळाच्या मागे गेले, जिथे त्या वानराला पुरलं होतं, आणि तिथे उभी राहिले. म्हणजे काकू कधी मरणारच नव्हत्या. त्यांना सांगितलं होतं, घरी जाऊन, नीट समजावून. ज्या हातासाठी मी इतके दिवस झुरले त्याला धोकाच नव्हता. धोका एकाच हाताला होता, आणि तो माझा. तो तेवढा एक हात त्याने बटणाच्या भरवशावर सोडला होता, कारण त्याला माझ्या तोंडाची भीती वाटली. मी मेले असते, आणि ओरडू नये म्हणून मेले असते.

नवरा मांडवाच्या कडेला पत्रावळी लावत होता. मी त्याला बाजूला बोलावलं. मला वाटलं होतं की माझा आवाज देवळाच्या कळसापर्यंत जाईल. पण तो निघालाच नाही. मी त्याच्यासारखीच हळू बोलले.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तू ओरडली असती," तो म्हणाला.

"हो. ओरडली असती. मंग?"

मग तो म्हणाला की रोज उजाडताच तो खटका पाडायचा. वायरीच्या बटणावर त्याने लाल बल्ब बसवला होता, चालू की बंद ते कळायला. त्या सकाळी लाईन नव्हती, बल्ब विझलेला दिसला, त्याला वाटलं आपण अर्धवट झोपेत आधीच बंद केलं. तो दुधाला गेला आणि मागून लाईन आली. "काकूले सांगतलं होतं, हे म्या तुले त्या दिवशी गिरनीत म्हनलं," तो म्हणाला. "तू मोटार चालू केलती." मी त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे पाहत राहिले. त्याच्या तोंडून एवढी वाक्यं मी एका दमात कधी ऐकली नव्हती.

"आता हे त्या लोकाईले सांगा," मी म्हणाले. "म्या नाही ओरडत. तुमी सांगा."

तो मांडवात गेला. पंगत बसली होती, बुंदी वाढून झाली होती. त्याने मधे उभं राहून काहीतरी म्हटलं. पुढच्या दोघांनी मान वर केली. मागून कोणी ओरडलं, "काय म्हनते, ऐकू नाही येत." त्याने पुन्हा म्हटलं, तरी ऐकू गेलं नाही. मग त्या माणसाने, ज्याला मी कधी मोठ्याने हाक मारताना ऐकलं नव्हतं, डोळे मिटले आणि तो ओरडला, "वान्नेर म्या मारलं. करंटनं. माही बायको मेली असती."

पंगतीत सगळे हात थांबले. कोणी शिवी दिली नाही, कोणी उठलं नाही, पण त्या दिवशीची बुंदी तशीच उरली. दुसऱ्या दिवशी तो आपणहून आर्णीला जाऊन फॉरेस्टच्या लोकांना सांगून आला, ते प्रकरण अजून चालू आहे. कित्येक दिवस दळण दुसऱ्या गावी जात होतं. मग एकेक जण परत आला, कारण पीठ रोज लागतं. उरलेल्या सूर्यफुलांच्या टोप्या मी स्वतः काढल्या, तार गुंडाळून भंगारात दिली, आणि वानरांनी एका सकाळीत सगळं खाऊन टाकलं. आम्ही दोघांनी दारात उभं राहून पाहिलं.

माफ केलं का, असं काकू विचारतात. मला माहीत नाही. आता फडकी वाळत घालायला मागे प्लास्टिकची दोरी बांधली आहे, कडुनिंबापासून खिडकीपर्यंत. तिच्यात बंद करण्यासारखं काही नाही. तरी रोज सकाळी मी बादली उचलली की नवरा माझ्या आधी मागे जातो, दोरी हाताने चाचपतो आणि तिथून मोठ्याने ओरडतो, "बंद हाय वं!" काकूंच्या घरापर्यंत ऐकू जातं. मी हळूच "हो" म्हणते. त्याला ते ऐकू येत नाही, म्हणून तो पुन्हा एकदा ओरडतो.